'मेन'पर्यंत न पोहोचणारे प्रोग्राम

कम्पाइल होताना एकही इशारा न देणारा आणि आपल्या मशीनवर व्यवस्थित चालणारा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर पहिली ओळ छापण्याआधीच कोसळला, की बहुतेक जण सवयीने आपल्या कोडकडे वळतात. जीडीबी या डीबगरमध्ये 'मेन'वर, म्हणजे आपला कोड जिथून सुरू होतो त्या फंक्शनवर, ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावला जातो, प्रोग्राम सुरू केला जातो आणि ब्रेकपॉइंटवर न थांबताच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावल्याची चूक, समोर येते. हे दिसले की तपासाची दिशा बदलायला हवी, कारण 'मेन' सुरू होण्यापूर्वी बरेच काम उरकलेले असते आणि ते करणारा कोड आपला नसून डायनॅमिक लोडरचा, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रामचा, आणि त्याने आणलेल्या लायब्रऱ्यांचा असतो.

शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरू शकतील अशी स्वतंत्र कोड-फाइल, लोड होताना येणाऱ्या क्रॅशबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते: बिल्डच्या वेळी लिंकरने (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनाने) जी लायब्ररी पाहिली, ती आणि चालवताना लोडरने जी उचलली, ती यांत फरक पडलेला असतो. म्हणून कोड वाचायला घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असायला हवीत. मेमरीत नेमकी कोणती फाइल आली आहे, आणि प्रोग्राम मेला तेव्हा लोडर कोणत्या टप्प्यावर होता? ही दोन उत्तरे मिळाली की उरलेला तपास सहसा लांबत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः लिनक्स आणि त्यावरची नेहमीची सी लायब्ररी ग्लिबसी यांच्यापुरते आहे.

आधी टप्पे पाहू. कर्नल एल्फ फाइल, म्हणजे लिनक्सच्या ठरावीक स्वरूपातली प्रोग्रामची फाइल, उघडतो आणि तिच्यात लिहिलेला इंटरप्रिटरचा मार्ग वाचतो. एक्स८६-६४ वर तो बहुधा '/लिब६४' मधल्या एलडी-लिनक्स या फाइलचा असतो, आणि हाच आपला लोडर. कर्नल त्याला मेमरीत आणून नियंत्रण त्याच्या हाती देतो. लोडर प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी वाचतो, एकेक शोधतो, त्यांच्या गरजेच्या लायब्रऱ्याही शोधतो आणि सगळ्या मेमरीत मॅप करतो. त्यानंतर रिलोकेशन होते, म्हणजे पत्ते दुरुस्त करून सिम्बॉल (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावे) जोडले जातात. मग प्रत्येक लायब्ररीचे इनिशियलायझर, म्हणजे तिची सुरुवातीची तयारी करणारी फंक्शने, चालतात; जिच्यावर इतर अवलंबून आहेत तिचे आधी. हे सगळे सुखरूप पार पडले तरच प्रोग्रामच्या प्रवेशबिंदूवर उडी पडते आणि तिथून पुढे कधीतरी 'मेन' सुरू होते.

यातला पहिलाच टप्पा चुकला तर येणारा संदेश सर्वांत फसवा असतो. समोर फाइल दिसत असते, तिला चालवण्याची परवानगी असते, तरी शेल म्हणते की अशी फाइलच नाही. गायब असते ती आपली फाइल नव्हे, तर तिच्यात नमूद केलेला इंटरप्रिटर. ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये नेला की हे हमखास घडते. एल्फ फाइल उलगडून दाखवणाऱ्या रीडएल्फने प्रोग्राम हेडर पाहिले की उलगडा होतो.

शेलने दिलेला एक्झिट कोडही सुरुवातीलाच पाहून ठेवावा. १२७ असेल तर तक्रार लोडरची आहे, म्हणजे लायब्ररी किंवा सिम्बॉल सापडला नाही आणि त्याने ते शब्दांत सांगितले आहे. इंटरप्रिटर सापडला नाही तेव्हाही शेल हाच आकडा देते. १३९ म्हणजे सिग्नल ११, अर्थात सेगमेंटेशन फॉल्ट. १३५ दिसला तर एक्स८६ लिनक्सवर तो बस एरर असतो आणि त्याची कथा वेगळी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

लायब्ररी शोधण्याचा टप्पा वरवर सोपा वाटतो, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ इथेच जातो. शोधाचा क्रम ठरलेला आहे. त्यातले आरपाथ आणि रनपाथ म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या शोधायच्या फोल्डरांच्या याद्या. फाइलमध्ये आरपाथ असेल आणि रनपाथ नसेल तर आधी आरपाथ, मग एलडी_लायब्ररी_पाथ हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, मग रनपाथ, त्यानंतर एलडीकॉन्फिगने तयार केलेली कॅश आणि शेवटी ठरावीक सिस्टम फोल्डर. आरपाथ आणि रनपाथ या दोघांमधला फरक नुसत्या क्रमाचा नाही. आरपाथ अप्रत्यक्ष गरजांनाही लागू होतो. रनपाथ मात्र ज्या फाइलमध्ये लिहिला आहे, फक्त तिच्या थेट गरजांपुरता चालतो.

समजा, प्रोग्रामला 'अ' लायब्ररी लागते, 'अ'ला 'ब' लागते आणि दोन्ही लायब्रऱ्या प्रोग्रामशेजारच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. प्रोग्रामच्या रनपाथमध्ये तो फोल्डर आहे, त्यामुळे 'अ' सापडते. 'ब' शोधताना मात्र लोडर प्रोग्रामचा रनपाथ पाहत नाही, 'अ'चा पाहतो, आणि 'अ'मध्ये तो लिहिलेलाच नसतो. अशा वेळी 'ब' सापडली नाही, तर ते सुदैवच म्हणायचे, कारण निदान स्पष्ट संदेश तरी येतो. खरी अडचण त्या मशीनवर सिस्टम फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी 'ब' पडलेली असेल तेव्हा होते. लोडर तिला निमूटपणे उचलतो, नावे जुळतात, सिम्बॉलही जुळतात आणि प्रोग्राम पुढे कुठेतरी कोसळतो. अनेक वितरणांत लिंकर आता आपणहून रनपाथच लिहितो, त्यामुळे जुन्या मेकफाइल जशाच्या तशा ठेवूनही वागणूक बदललेली आढळते. उपाय म्हणजे 'अ'लाही तिचा स्वतःचा रनपाथ देणे आणि त्यात डॉलर-ओरिजिन हा शब्द वापरणे, जेणेकरून शोध त्या फाइलच्याच फोल्डरपासून सुरू होईल. मेकफाइलमध्ये डॉलरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते आणि शेलपासून वाचवण्यासाठी ते एकेरी अवतरणात ठेवावे लागते. यातले काही राहिले तर रनपाथमध्ये भलतेच काही जाऊन बसते. म्हणून बिल्ड झाल्यावर रीडएल्फने डायनॅमिक विभाग उघडून नेमके काय लिहिले गेले ते डोळ्यांनी पाहावे.

अशा वेळी एलडी_लायब्ररी_पाथमध्ये तो फोल्डर घालून मोकळे होण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तपासापुरता तो ठीक आहे, पण कायमचा उपाय म्हणून मला तो मान्य नाही. हा व्हेरिएबल आपल्या प्रोग्रामपुरता थांबत नाही. तो प्रोग्राम ज्या ज्या प्रोसेस सुरू करतो, त्यांनाही वारशाने मिळतो. आपल्यासोबत दिलेली सी++ ची जुनी लायब्ररी मग आपण हाक मारलेल्या एखाद्या सिस्टम युटिलिटीच्या गळ्यात पडते आणि तीच कोसळते. शिवाय सेटयूआयडी, म्हणजे फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, प्रोग्रामसाठी लोडर हा व्हेरिएबल विचारातच घेत नाही, त्यामुळे तिथे तो घालूनही काही फरक पडत नाही.

कोणती फाइल आली हे लोडरलाच विचारता येते. एलडी_डीबग हा व्हेरिएबल 'लिब्ज' या मूल्यावर ठेवून प्रोग्राम चालवला की लोडर कोणती लायब्ररी कुठे कुठे शोधली, कुठे सापडली आणि कोणाचा इनिशियलायझर केव्हा बोलावला, हे ओळीओळीने छापतो. आउटपुट फार मोठे असेल तर एलडी_डीबग_आउटपुट या व्हेरिएबलमध्ये फाइलचे नाव द्यावे. त्याला प्रोसेसचा क्रमांक जोडून प्रत्येक प्रोसेससाठी वेगळी फाइल तयार होते. क्रॅशच्या आधीची शेवटची ओळ इनिशियलायझर बोलावल्याची असेल, तर गुन्हा कोणत्या लायब्ररीच्या हद्दीत घडला ते तिथेच कळते. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारा एलडीडी हा कमांड सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काही परिस्थितींत तो दिलेला प्रोग्राम प्रत्यक्ष चालवू शकतो, म्हणून अनोळखी फाइलवर तो वापरू नये. दुसरे असे की, तो आपल्या शेलच्या वातावरणात उत्तर देतो. सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोसेसचे वातावरण निराळे असू शकते. प्रोसेस जिवंत असेल तर '/प्रोक' मधली तिची मॅप्स फाइल वाचावी. ती जे प्रत्यक्ष मेमरीत आहे तेच दाखवते.

व्हर्जनच्या तक्रारी त्या मानाने सरळ असतात. 'ग्लिबसी_२.३४ सापडले नाही' हा संदेश अनेकांनी पाहिला असेल. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाही नवा व्हर्जन क्रमांक मिळाला. परिणामी, नव्या मशीनवर बांधलेला अगदी साधा प्रोग्रामसुद्धा, त्यात नवे काहीही वापरलेले नसताना, जुन्या मशीनवर सुरू होत नाही. ज्या सर्वांत जुन्या सिस्टमवर प्रोग्राम चालवायचा आहे तिथेच तो बांधणे, हाच यावरचा भरवशाचा उपाय आहे. २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ या कम्पायलरने सी++ च्या स्ट्रिंगची मांडणी बदलली, तेव्हापासून जुन्या आणि नव्या मांडणीने बांधलेले भाग एकत्र आणले की सिम्बॉल सापडत नाही अशी तक्रार येते आणि सापडत नसलेल्या नावात 'सीएक्सएक्स११' हे अक्षरगट दिसतात. सिम्बॉल आळशी पद्धतीने, म्हणजे पहिल्या वापराच्या वेळी जोडले जात असतील, तर ही तक्रार सुरुवातीला न येता कित्येक तासांनी, ते फंक्शन प्रथम बोलावले जाते तेव्हा येते. एलडी_बाइंड_नाऊ हा व्हेरिएबल लावून चालवले की सगळी जोडणी सुरुवातीलाच होते आणि लपलेली उणीव लगेच वर येते.

इथपर्यंत लोडर निदान बोलत तरी होता. पुढचे प्रकार तो काहीही न बोलता घडू देतो.

ब्रेकपॉइंटवर न थांबता प्रोग्राम मेला असेल, तर जीडीबीत 'स्टार्टआय' हा कमांड वापरावा; तो अगदी पहिल्या सूचनेवर, म्हणजे लोडरच्याही सुरुवातीला थांबवतो. लायब्ररी लोड होण्याच्या प्रत्येक घटनेवर थांबण्याची सोयही जीडीबीत आहे. त्यानंतर बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, पाहताना वरच्या फ्रेमवर (नोंदीवर) न अडखळता खाली कोण आहे ते पाहावे. खाली 'डीएल_इनिट' किंवा 'कॉल_इनिट' दिसले तर एखाद्या लायब्ररीचा कन्स्ट्रक्टर, म्हणजेच इनिशियलायझर, चालू होता. 'डीएल_रिलोकेट_ऑब्जेक्ट' दिसले तर रिलोकेशन चालू होते, आणि मग फाइल अर्धवट कॉपी झाली आहे का, किंवा प्रोसेसरनुसार फंक्शन निवडणारा रिझॉल्व्हर स्वतःच अजून न जोडलेल्या सिम्बॉलला हाक मारतो आहे का, हे तपासावे. सर्वांत वरच्या फ्रेमचा पत्ता शून्य असेल तर न सापडलेल्या वीक सिम्बॉलला (नाही सापडला तरी लोडर ज्याची तक्रार करत नाही अशा) फंक्शन समजून बोलावले गेले असण्याची शक्यता मोठी असते.

कन्स्ट्रक्टरमधल्या क्रॅशचे एक कारण मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण ते बिल्डच्या वेळीच टाळता येण्यासारखे असते. शेअर्ड लायब्ररी बांधताना लिंकर न सापडलेले सिम्बॉल मुकाट्याने चालवून घेतो. ते पुढे कोणीतरी पुरवेल असे तो धरून चालतो. त्यामुळे 'अ' लायब्ररी 'ब'ची फंक्शने वापरत असूनही 'अ'च्या फाइलमध्ये 'ब'ची गरज नोंदवलीच गेली नाही, असे होऊ शकते. दोन्ही लायब्रऱ्या प्रोग्रामला स्वतंत्रपणे जोडलेल्या असल्यामुळे सगळे सिम्बॉल सापडतात. मात्र 'ब'चे इनिशियलायझर आधी चालले पाहिजेत हे लोडरला कळण्याचा मार्गच नसतो. 'अ'चा एखादा ग्लोबल ऑब्जेक्ट तयार होताना 'ब'मधल्या, अजून तयार न झालेल्या ग्लोबल टेबलाला हात घालतो, तिथला पॉइंटर शून्य असतो आणि प्रोग्राम कोसळतो. लिंक करताना लायब्रऱ्यांचा क्रम बदलला की हा क्रॅश नाहीसा होतो आणि दुरुस्ती झाली असा समज होतो. पण क्रम हा इथे निव्वळ योगायोग असतो. ग्लिबसी २.३५ मध्ये लायब्रऱ्यांचा क्रम लावण्याची नवी पद्धत आली, आणि अशा न नोंदवलेल्या अवलंबित्वावर उभ्या असलेल्या प्रोग्रामने तो क्रम कायम राहील असे धरून चालण्यात काही अर्थ नाही. शेअर्ड लायब्ररी लिंक करताना लिंकरला 'झेड डेफ्स' हा पर्याय दिला की एकही सिम्बॉल अनाथ राहिल्यास बिल्डच थांबतो. माझ्या मते प्रत्येक प्रकल्पात तो पहिल्या दिवसापासून असावा.

एकाच लायब्ररीच्या दोन प्रती एका प्रोसेसमध्ये आल्या की होणारा गुंता याहून खोल असतो. अलीकडेच असा एक क्रॅश तपासताना हे अगदी जवळून पाहिले. मुख्य प्रोग्राम डेटा आकसवणाऱ्या एका लायब्ररीची जुनी शेअर्ड आवृत्ती वापरत होता. 'डीएलओपन'ने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना लायब्ररी आणणाऱ्या फंक्शनने, लोड होणाऱ्या प्लगइनने त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती स्टॅटिक स्वरूपात स्वतःच्या पोटात घेतली होती, आणि ती बाहेर दिसणार नाही अशी कोणतीही तजवीज केलेली नव्हती. प्लगइन स्वतःचीच प्रत वापरेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात सिम्बॉल शोधताना लोडर आधी ग्लोबल व्याप्तीत, म्हणजे मुख्य प्रोग्राम आणि त्याच्या लायब्रऱ्यांत पाहतो, आणि त्यानंतरच प्लगइनकडे वळतो. त्यामुळे प्लगइनमधला नवा कोड नव्या हेडरप्रमाणे स्ट्रक्चर भरत होता आणि ते जुन्या लायब्ररीच्या फंक्शनकडे जात होते. नव्या आवृत्तीत स्ट्रक्चरच्या मध्यभागी लांबीचे एक फील्ड वाढलेले होते. जुना कोड ज्या ठिकाणी कॉलबॅकचा पत्ता आहे असे समजत होता, तिथे आता ती लांबी बसली होती. प्रोसेसरने ६४ या पत्त्यावर उडी मारली आणि अर्थातच तिथे काहीही नव्हते.

बॅकट्रेसमध्ये फंक्शनचे नाव अगदी योग्य दिसत होते, म्हणून नुसत्या नावावरून काहीच कळले नसते. जीडीबीला लोड झालेल्या लायब्रऱ्यांची यादी मागून त्या फ्रेमचा पत्ता कोणत्या फाइलच्या पल्ल्यात पडतो हे पाहिल्यावर विसंगती उघड झाली. एलडी_डीबगला 'बाइंडिंग्ज' हे मूल्य दिल्यावर लोडरने स्वतःच लिहून दिले की प्लगइनच्या फाइलमधला सिम्बॉल सिस्टमच्या फाइलशी जोडला आहे. ती एक ओळ हाती आली आणि प्रश्न सुटला. पोटात घेतलेल्या स्टॅटिक लायब्रऱ्यांचे सिम्बॉल बाहेर दिसू नयेत म्हणून लिंकरचा 'एक्सक्लूड लिब्ज' हा पर्याय वापरला, आणि प्लगइनचे स्वतःचे सिम्बॉल मुळातच लपलेले ठेवून मोजकी प्रवेशफंक्शने तेवढी उघडी केली. 'डीएलओपन'ला 'डीपबाइंड' हा झेंडा देऊनही लक्षण नाहीसे होते, पण त्यामुळे मेमरी वाटपाची फंक्शने बदलणाऱ्या साधनांशी नवे तंटे सुरू होऊ शकतात, म्हणून तो मार्ग मी टाळतो.

लोडर एखादा इशारा देतो आणि लोक तो वाचतही नाहीत, असाही एक प्रकार आहे. लायब्ररीतला ग्लोबल अॅरे प्रोग्राम थेट वापरत असेल, तर लिंकर अनेकदा त्या अॅरेसाठी प्रोग्राममध्येच जागा राखतो आणि लोडर सुरुवातीची मूल्ये तिथे आणून ठेवतो. पुढे लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत अॅरे १० घटकांवरून १२ घटकांचा झाला, पण प्रोग्राम पुन्हा लिंक केला नाही, तर राखलेली जागा १० घटकांचीच राहते. लायब्ररी अकराव्या घटकाला हात लावते तेव्हा ती शेजारच्या भलत्याच व्हेरिएबलवर लिहीत असते. सिम्बॉलचा आकार वेगळा आहे, पुन्हा लिंक करण्याचा विचार करा, अशा अर्थाची ओळ लोडर सुरुवातीला छापतो. सर्व्हिसच्या लॉगमध्ये ती शोधून पाहावी.

आता बस एररची गोष्ट. चालू असलेल्या प्रोग्रामची एक्झिक्युटेबल फाइल खुली करून तिच्यावर लिहू पाहिले, तर कर्नल अडवतो. शेअर्ड लायब्ररीच्या फाइलला मात्र असे संरक्षण नाही. चालू सर्व्हरच्या लायब्ररीवर 'सीपी'ने नवी फाइल कॉपी केली की तीच फाइल आधी शून्य लांबीची होते आणि मग नव्या मजकुराने भरते. ज्या पानांवर प्रोसेसने स्वतः काही लिहिलेले नाही, ती फाइलमधूनच येत असल्यामुळे तिच्या पायाखालचा कोड बदलतो. ज्या क्षणी फाइल लहान असते त्या क्षणी तिच्या हद्दीबाहेरचे पान लागले तर बस एरर येतो. नंतर लागले तर नव्या फाइलमधल्या भलत्याच जागेवरच्या सूचना चालू लागतात आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो. अशा कोअर फाइलवर (कोसळताना टिपलेल्या मेमरीच्या प्रतीवर) कितीही डोके आपटले तरी अर्थ लागत नाही, कारण मेलेला कोड आता डिस्कवर नसतो. नवी फाइल वेगळ्या नावाने लिहावी आणि मग 'एमव्ही'ने जुन्या नावावर आणावी. जुना आयनोड, म्हणजे डिस्कवरची मूळ फाइल, शाबूत राहतो, चालू प्रोसेस त्यावरच काम करत राहते आणि मॅप्स फाइलमध्ये त्या लायब्ररीपुढे ती हटवली गेल्याची खूण दिसते.

लायब्ररी उतरवतानाही असेच बळी जातात. प्लगइनने सुरू केलेला थ्रेड किंवा त्याने नोंदवलेला कॉलबॅक शिल्लक असताना 'डीएलक्लोज' झाले, की तो कोड मेमरीतून नाहीसा होतो आणि बॅकट्रेसमध्ये केवळ प्रश्नचिन्हे उरतात. तो पत्ता पूर्वी कोणत्या लायब्ररीचा होता हे आधी जपून ठेवलेल्या मॅप्सवरूनच सांगता येते. मसलमध्ये 'डीएलक्लोज' प्रत्यक्षात काहीही उतरवत नाही, त्यामुळे हीच चूक तिथे दिसत नाही आणि ग्लिबसीवर दिसते. थ्रेड चालवणारी लायब्ररी 'नोडिलीट' खुणेसह बांधणे हा सर्वांत शांत मार्ग.

विंडोजवर हीच विभागणी आकड्यांत मिळते: सी००००१३५ म्हणजे डीएलएल (तिथली शेअर्ड लायब्ररी) सापडली नाही, सी००००१३९ म्हणजे तिच्यातले फंक्शन सापडले नाही, सी००००१४२ म्हणजे तिचे इनिशियलायझेशन फसले, आणि सी०००००७बी बहुधा ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ सांगतो. मॅकओएसवर तिथल्या लोडरची, म्हणजे डीवायएलडीची, स्वतःची व्हेरिएबल आहेत, पण सिस्टमच्या संरक्षित प्रोग्राममधून पुढे जाताना ती काढून टाकली जातात, हे माहीत नसेल तर तपास भरकटतो.

कोअर फाइल दुसऱ्या मशीनवर उघडताना जीडीबी त्या मशीनवरच्या लायब्रऱ्या उचलतो, आणि त्या वेगळ्या असतील तर बॅकट्रेस पटण्याजोगा पण खोटा असतो. म्हणून मी दीर्घकाळ चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये सुरुवातीलाच 'डीएल_इटरेट_पीएचडीआर' या फंक्शनने लोड झालेल्या सगळ्या फाइली फिरून त्यांचे मार्ग, मेमरीतले पत्ते आणि नोट विभागातला बिल्ड आयडी (त्या बिल्डची ओळख) लॉगमध्ये लिहून ठेवतो, आणि प्रत्येक 'डीएलओपन'नंतर त्यात नव्या ओळींची भर घालतो. क्रॅशचा अहवाल आला की त्या ओळींमधले बिल्ड आयडी आमच्या बिल्ड सर्व्हरवर जपलेल्या डीबग फाइलींशी जुळवून पाहतो, आणि ते जुळल्यावरच बॅकट्रेस वाचायला घेतो.